कोळ्यांची खानेसुमारी

कोळ्याचे नाव निश्चित करावयाचे तर बहुधा त्याचा जीव घ्यावा लागतो, ही गोष्ट वयाची साठी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हती. आणि ज्या संध्याकाळी ती कळली त्या संध्याकाळपासून मुंडकोपनिषद वाचावयास घेतले म्हणजे त्यातील ऊर्णनाभीच्या दृष्टांतावरून माझी नजर पूर्वीसारखी सहज पुढे जात नाही. विश्वाच्या उत्पत्तीचा उलगडा करण्यासाठी ज्या ऋषीने कोळ्याचा आधार घेतला, त्याने तो कोळी कोठे पाहिला असेल, किती वेळ पाहिला असेल, आणि पाहून झाल्यावर त्याचे काय केले असेल, हे प्रश्न कोणाला पोरकट वाटले तरी मला ते टाळता येत नाहीत.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत प्राणिशास्त्राचा एक विद्यार्थी राहतो. लहानपणापासून तो माझ्याकडे पुस्तके न्यावयास येई, त्यामुळे त्याच्या तोंडी मी 'काका' आणि माझ्या तोंडी तो 'अरे', हे नाते ठरून गेले आहे. गेल्या भाद्रपदाच्या अखेरीस, गणपतींचे विसर्जन होऊन घाट पुन्हा निवांत झाल्यावर, पवईच्या तलावाकाठच्या पाणकणसांत कोळ्यांच्या किती जाती नांदतात याची पाहणी करण्यासाठी तो निघाला, तेव्हा विजेरी धरावयास माणूस हवा म्हणून मी त्याच्याबरोबर गेलो. परवाने रीतसर होते आणि सरंजाम अगदी थोडा होता: काचेच्या नळ्या, एक बारीक कुंचला, भिंग, वही आणि मद्यार्काची बाटली. पाण्यात पाऊल घालावयाचे नाही हा पहिला दंडक, कारण पवईत मगरींची वस्ती आहे आणि पाणकणसाचे बेट हे मगरीलाही तितकेच प्रिय असते.

पवईचा तलाव हा काही पुराणप्रसिद्ध जलाशय नव्हे. मुंबई शहराची तहान वाढत गेली तसतसे १८६० साली विहार, १८७९ साली तुळशी आणि १८९१ च्या सुमारास पवई असे एकामागून एक तलाव साष्टीच्या डोंगरांत बांधले गेले; त्यांपैकी पवईचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले आणि शहराच्या पाणीपुरवठ्याच्या हिशेबातून हा तलाव वगळला गेला. हिशेबातून वगळलेल्या या जागी डोंगरावरून वाहत येणारा गाळ साचत राहिला, गाळाच्या कडेने पाणकणीस, लव्हाळी आणि पुढे बेशरमाची झुडपे उभी राहिली, पाण्यावर जलपर्णी पसरली, आणि माणसाने एका हेतूने बांधलेल्या जागेत दुसऱ्याच कोणाचा तरी संसार थाटला गेला. एका काठावर पद्मावतीचे देऊळ आणि १९५८ साली स्थापन झालेले तंत्रविज्ञानाचे विद्यापीठ आहे. आणि ज्या रस्त्यावरून दिवसरात्र मोटारींचा लोंढा वाहत असतो त्या रस्त्याचे नाव आदि शंकराचार्य मार्ग असे आहे. या नावाकडे मी इतकी वर्षे एक पाटी म्हणूनच पाहत आलो होतो.

आपल्या जुन्या दप्तरांत जनगणनेला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. आधी घरे मोजावयाची आणि मग त्यांतली माणसे. कोळ्यांच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः लागू पडतो, कारण दृष्टीला आधी जाळे पडते आणि मग घरधनीण सापडते. आणि तिला आपण कोळी म्हणतो, हेही मला त्या संध्याकाळी प्रथमच विचार करण्यासारखे वाटले. पाण्यावर जाळे टाकून पोट भरणारा या बेटांचा मूळ रहिवासी तोही कोळी, आणि पाण्यावर जाळे विणून बसणारा हा आठ पायांचा जीव तोही कोळी. दोघांपैकी कोणी कोणाचे नाव घेतले हे भाषेच्या पंडितांनी ठरवावे. ज्याने हे नाव प्रथम दिले त्याने दोघांचेही काम पाहिले होते यात मला संशय नाही.

"काका, विजेरी जरा खाली धरा, पात्याच्या मागून," तो म्हणाला. मी तशी धरली. दोन पात्यांच्या मध्ये, पाण्यापासून हातभर उंचीवर, किंचित कललेले एक जाळे होते. त्याच्या मध्यभागी धागे नव्हते, रुपयाएवढी जागा मोकळी होती. कोळी मात्र मला दिसेना. त्याने कुंचल्याच्या टोकाने पात्यावरची एक शीर दाखविली आणि ती शीर हलली. चार पाय पुढे ताणलेले, मागचे मागे ताणलेले, अंग काडीसारखे लांबट, रंग वाळत आलेल्या पात्याचा, आणि पोटावर चांदीच्या वर्खासारखी झाक: अशा रीतीने ती पात्यावर पडून राहिली होती की पाते आणि ती यांतला भेद केवळ तिच्या हलण्याने उत्पन्न झाला. शास्त्रात हिच्या गणाला टेट्राग्नाथा म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ चार जबडे असा होतो. तिचे जबडे अंगाच्या मानाने फार लांब असतात, आणि मीलनाच्या वेळी नर आपल्या जबड्यांवरील काट्यांनी मादीचे जबडे अडकवून धरतो, म्हणजे तेवढा वेळ चावा घेण्याची भीती उरत नाही. सायंकाळी पाण्यातून चिलटांचे थवे वर उठतात, आणि हे जाळे त्यांच्या वाटेवर बरोबर आडवे असते.

त्याने खाली नळी धरली, वरून कुंचला टेकवला, आणि ती एका धाग्यावरून थेट नळीत उतरली. भिंगातून पाहून तो म्हणाला, "प्रौढ आहे." मग त्याने मद्यार्क ओतला. लांब ताणलेले आठही पाय एकदम छातीशी ओढले गेले, पुन्हा थोडे उकलले, आणि थांबले. सगळे मिळून चार-पाच श्वासांचा अवधी गेला असेल. त्यानंतर त्याने कागदाच्या एका चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने, कारण शाई मद्यार्कात विरघळते, ठिकाण, तारीख, वेळ, वनस्पती, पाण्यापासूनची उंची आणि स्वतःचे नाव लिहिले, आणि ती चिठ्ठी त्याच नळीत घातली. मी विजेरी विझवली. "मारलंस का रे?" एवढेच माझ्या तोंडून निघाले.

त्याने दिलेले उत्तर मी पुढे पुस्तकांवरून पडताळून पाहिले आणि ते खरे आहे. कोळ्यांच्या पुष्कळ जातींत रंग आणि आकार यांवरून काही ठरत नाही. एकाच जातीतील दोन माद्या वेगळ्या दिसतात आणि दोन जातींच्या माद्या सारख्या दिसतात. जातीची निश्चित ओळख प्रौढ नराच्या तोंडाजवळील स्पर्शकांच्या टोकाशी असलेल्या आणि प्रौढ मादीच्या पोटाखालील जननावयवाच्या सूक्ष्म रचनेत असते, आणि ती रचना सूक्ष्मदर्शकाखाली, अवयव निश्चल असतानाच, नीट वाचता येते. म्हणून नामकरण झालेल्या जवळजवळ प्रत्येक जातीमागे कोठल्या तरी संग्रहालयात मद्यार्काच्या बाटलीत ठेवलेला एक देह असतो, आणि त्या जातीविषयी पुढे कितीही वाद झाला तरी साक्ष त्या देहाची काढली जाते. प्राणिशास्त्रातील सर्व नावांची गणना लिनिअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून होते. अपवाद फक्त कोळ्यांचा, कारण स्वीडनच्या कार्ल क्लर्कने १७५७ सालीच आपल्या देशातील कोळ्यांना अशी पद्धतशीर नावे दिली होती आणि ती पुढे मान्य केली गेली. आपल्याकडे या शास्त्राचा पाया पोकॉकच्या १९०० सालच्या ग्रंथाने घातला, आणि तो ग्रंथ लंडनच्या संग्रहालयात बसून, इकडून गेलेल्या बाटल्यांच्या आधारे लिहिलेला आहे. त्यावरची इमारत भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या बी. के. टिकादर यांनी आयुष्यभर खपून उभारली. २०२२ साली जगातील ज्ञात कोळ्यांची संख्या ५०,००० झाली. इतक्या जातींची नावे झाली तरी आमच्या दारातल्या जाती अद्याप संपलेल्या नाहीत. पवईपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आरे वसाहतीतून २०१० साली विंचवाची एक नवी जात शास्त्राला मिळाली आणि तिच्या नावात आरे कायमचे कोरले गेले. त्याच आरेतून २०२१ साली उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात वर्णिली गेली, आणि तिच्याबरोबरच ठाणे-कल्याणच्या बाजूची दुसरी एक, जिला ईशियस तुकारामी असे नाव देण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हल्लेखोराच्या बंदुकीची नळी अंगावर गोळ्या झेलीत धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचे नाव आता एका नखाएवढ्या कोळ्याच्या ठायी नांदते आहे. हा मान मला मोठा वाटतो. पुतळ्याखाली कोरलेले नाव झिजते. जातीचे नाव, ती जात आणि तिचा अभ्यास टिकून असेपर्यंत, प्रत्येक अभ्यासकाला उच्चारावेच लागते.

परंतु हे सारे ऐकून माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नव्हते. घरी आल्यावर मी मुंडक काढले. अक्षरापासून विश्व कसे निर्माण होते हे सांगताना तेथे प्रथम येतो तो कोळीच: तो आपल्यातून सूत्र सोडतो आणि परत घेतो, त्याच्या मागून पृथ्वीतून उगवणाऱ्या वनस्पती आणि पुरुषाच्या अंगावरचे केस येतात. बृहदारण्यकात काशीचा राजा अजातशत्रू गार्ग्याला उपदेश करतो तेथेही कोळी आपल्या सूत्रावरून चढतो आहे. भागवतातील अवधूताने चोवीस गुरूंत त्याला जागा दिली, आणि तो अकरावा स्कंध एकनाथांनी शके १४९५ मध्ये वाराणसीस मराठीत पूर्ण केल्यामुळे हा गुरू आपल्या घरोघरच्या पोथीत येऊन बसला. इतका मान मिळालेला दुसरा किडा आपल्या वाङ्मयात शोधूनही सापडणार नाही. आणि ऋषीचे निरीक्षणही किती चोख! चक्राकार जाळे विणणारे बहुतेक कोळी जुने जाळे खरोखरच खाऊन टाकतात आणि त्यातील द्रव्य थोड्याच वेळात नव्या सूत्रात पुन्हा उतरते, हे विसाव्या शतकात प्रयोगांनी सिद्ध झाले. सोडतो आणि परत घेतो, या विधानातला दुसरा भाग घरातल्या कोळिष्टकाकडे जाता-येता पाहून सुचणारा नव्हे. त्यासाठी पहाटेच्या अंधारात एका जाळ्यापाशी बसून राहावे लागते. ऋषी बसला होता, असे मी आता मानतो.

न्यायशास्त्रात दृष्टांताची व्याख्या अशी आहे की, ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचे मत एक असते ती गोष्ट म्हणजे दृष्टांत. कोळ्याच्या दृष्टांतावर परीक्षकाने हरकत घेतली ती फार जुनी आहे, आणि ती शंकराचार्यांनी स्वतःच ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, प्रतिपक्षाच्या तोंडून नोंदवून ठेवली आहे. कुंभाराला माती, चाक आणि दंड लागतो, मग ब्रह्माला साधनांवाचून सृष्टी कशी करता येईल, या शंकेला उत्तर म्हणून कोळ्याचे उदाहरण आल्यावर प्रतिपक्षी म्हणतो की, कोळ्याचे सूत्र काही शून्यातून येत नाही. तो आपल्याहून क्षुद्र जंतू खातो, त्यामुळे त्याची लाळ घट्ट होते आणि तिचे सूत्र बनते. हे वाक्य मी पूर्वी अनेकदा वाचले असेन. पवईहून आल्यावर ते मला पहिल्यांदा ऐकू आले. सूत्र म्हणजे पचवलेले प्राण. ज्या धाग्याला विश्वाच्या उत्पत्तीची उपमा दिली त्याच्या तंतूतंतूत चिलटांचे मरण आहे, हे बाराशे वर्षांपूर्वीच्या तार्किकाला दिसले होते. आचार्य त्याचे खंडन करीत नाहीत. ते इतकेच म्हणतात की कुंभाराहून कोळ्याचे वेगळेपण दाखविणे एवढाच आपला हेतू होता. त्यापलीकडे दृष्टांत ताणावयाचा नाही.

उत्तर तर्काच्या दृष्टीने निर्दोष आहे. तरीही मला वाटते की दृष्टांताचे काम संपताच ज्या प्राण्याने ते काम केले त्याच्याकडे आपण पाठ फिरविली, आणि ती शतकानुशतके फिरवलेलीच राहिली. आपल्या मठांतून आणि पाठशाळांतून ऊर्णनाभीवर जितकी व्याख्याने झाली असतील तितक्या वेळा कोणी जाळ्यापाशी बसले असते तर क्लर्कचे काम आपल्याकडे त्याच्या कित्येक शतके आधी झाले असते. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि उरलेले बेट राखेखाली गाडले गेले. पुढल्या मे महिन्यात तेथे गेलेल्या फ्रेंच पथकाला त्या उजाड राखेवर जिवंत असा एकच प्राणी आढळला, आणि तो होता एक अतिसूक्ष्म कोळी, जाळे विणीत बसलेला. वाऱ्यावर सोडलेल्या धाग्याला लोंबकळत तो आला असला पाहिजे. प्रलयानंतरच्या भूमीवर सर्वांआधी सूत्र आले, आणि सूत्रात सापडण्यासाठी अद्याप कोणी नव्हते. याहून थोर दृष्टांत उपनिषदांच्या ऋषीला मिळाला नसता. आपल्या वेदांताच्या ग्रंथांत मात्र तो मला कोठे आढळला नाही.

परमार्थात कोणी मरत नाही आणि कोणी मारत नाही असे सांगून या प्रश्नातून अंग काढून घेणारे वेदांती मला भेटले आहेत. त्यांचा मला आधार वाटत नाही. नळीत पाय आक्रसून घेणारा जीव व्यवहारातला होता आणि माझ्या हातातली विजेरीही व्यवहारातलीच होती. म्हणून उत्तर शोधावयाचे तर ते, ज्यांनी व्यवहारातल्या जिवाचा विचार सर्वांत बारकाईने केला, त्या श्रमणांच्या परंपरेकडे मागितले पाहिजे. आणि आम्हा उपनगरवासीयांना त्यासाठी लांब जावयास नको. विहार आणि तुळशी हे तलाव ज्या अरण्यात आहेत त्याच अरण्यात, बोरिवलीच्या डोंगरावर, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्षू हिंडतात, हिरवे गवत तुडवतात आणि बारीकसारीक जीव त्यांच्या पायांखाली मरतात, अशी तक्रार लोकांनी केली म्हणून बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात सांगितले आहे. कान्हेरीच्या त्या दगडी ओट्यांवर कित्येक शतके पाऊस संपण्याची वाट पाहत भिक्षू बसून राहिले ते याच कारणासाठी. आणि आजही घाटकोपरला नि मुलुंडला चातुर्मासात उपाश्रयांतून साधुसाध्वी मुक्काम करतात, आणि त्या चार महिन्यांत विहार करीत नाहीत. कोळ्यांचा अभ्यासक नेमका त्याच दिवसांत घराबाहेर पडतो, कारण पावसाच्या अखेरीस कोळी प्रौढ होतात आणि प्रौढ झाल्यावाचून त्यांचे नाव ठरत नाही. एकाच ऋतूत, एकाच किड्यासाठी, एक जण पाऊल आवरतो आणि दुसरा पाऊल टाकतो.

जैन आचारशास्त्रात गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार केलेले आहेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवताना, घर बांधताना जे जीव जातात ती आरंभी. शेतीव्यापारात जातात ती उद्योगी. स्वतःचे रक्षण करताना होते ती विरोधी. आणि मारावयाचेच असे मनात धरून मारणे ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत, चौथी मात्र त्याने सोडलीच पाहिजे. ही विभागणी घेऊन मी माझ्या तरुण मित्राच्या नळीपाशी आलो तेव्हा मला कोठेच पळवाट सापडेना. ज्ञानासाठी केली, परवाना घेऊन केली, एकच केली, हे सर्व खरे असले तरी ती संकल्पी आहे. तिला उद्योगी म्हणणे म्हणजे शब्दाशी लबाडी करणे होय. उलट, तलावाच्या कडेला भरावाची गाडी रिकामी होते तेव्हा पाणकणसाचे अख्खे बेट, त्यातल्या शेकडो जाळ्यांसह आणि अंड्यांच्या पिशव्यांसह, घटकाभरात गाडले जाते. आणि ती गाडी चालविणाऱ्याच्या, ती पाठविणाऱ्याच्या आणि त्या गाडीमुळे ज्याला पक्की वाट मिळाली त्याच्या, म्हणजे माझ्या, मनात कोळ्याला मारण्याचा संकल्प नसतो. मग ती हिंसा आरंभी ठरते आणि हलकी ठरते. एक कोळी मद्यार्कात घालणारा दोषी, आणि हजार कोळी गाळाखाली घालणारा जवळजवळ निर्दोष: या तराजूवरचा माझा विश्वास काही दिवस उडाला होता, हे मी कबूल करतो.

तो परत बसला तो उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रामुळे. तेथे हिंसेची व्याख्या करताना प्राणांचा वियोग एवढेच सांगितलेले नाही. प्रमादाने, म्हणजे बेसावधपणाने, मनाच्या नि देहाच्या गाफील व्यापाराने झालेला प्राणवियोग असे सांगितले आहे. सारा भार प्रमाद या शब्दावर आहे. म्हणूनच साधूला ईर्यासमिती सांगितली: चालताना पुढची चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकावयाचे. न्याहाळून टाकलेल्या पावलाखालीही एखादा जीव जाईल, पण ते पाऊल प्रमत्ताचे नसेल. आणि न पाहता टाकलेल्या पावलाखाली काही सापडले नाही तरी ते प्रमत्ताचेच राहील. पाहणे ही अहिंसेची पूर्वतयारी आहे असे मी आजवर समजत होतो. आता मला वाटते की पाहणे हाच तिचा गाभा आहे, आणि पाऊल आवरणे हे त्यातून पुढे येते. तसे असेल तर भरावाच्या गाडीला 'आम्हांला ठाऊक नव्हते' ही सबब उपयोगाची नाही, कारण ठाऊक नसणे हाच तेथे प्रमाद आहे.

आणि येथेच माझ्या मित्राच्या वहीचे मोल मला कळले. जोवर पवईच्या पाणकणसांत कोण राहते याची नोंद कोठेही नाही, तोवर तेथे भराव घालणारा स्वतःला आरंभी हिंसेच्या सावलीत उभा समजू शकतो. ज्या दिवशी नोंद दप्तरात दाखल होते, अमुक जातीचा जीव, अमुक काठावर, पाण्यापासून इतक्या उंचीवर, अमुक तारखेस जिवंत होता असे कोणी सहीनिशी लिहून ठेवतो, त्या दिवशी ती सावली सरकते. त्यानंतर घातलेला भराव जाणून घातलेला असतो. खानेसुमारी एकाही कोळ्याला वाचवीत नाही. ती आपल्या अज्ञानाची मुदत संपवते. माझा मित्र जी संकल्पी हिंसा पत्करतो ती पत्करून तो आम्हां सर्वांची गाफील हिंसा उघडी पाडतो. यामुळे त्याची हिंसा अहिंसा होत नाही, आणि तसे त्याने कधी म्हटलेही नाही. तिचा हिशेब मात्र त्याने चिठ्ठीवर स्वतःच्या नावासह लिहून ठेवलेला आहे. माझ्या हिंसेचा हिशेब कोठे आहे?

हा विचार केवळ घरात बसून करण्याचा नाही. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या तलावाच्या काठाने महापालिकेने हाती घेतलेला सायकल आणि पदभ्रमणाचा मार्ग बेकायदा ठरविला, आणि झालेले काम काढून टाकून जागा पूर्ववत करण्याचा हुकूम दिला. त्या वादात मगरीचे नाव सर्वांच्या तोंडी होते. मगर मोठी असते, तिचे छायाचित्र निघते, तिची भीतीही वाटते. पाणथळीच्या बाजूने साक्ष द्यावयास तिच्याइतका वजनदार साक्षीदार नाही. परंतु प्रत्येक डबक्यात मगर नसते. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत नाल्यांच्या कडेने, बंद पडलेल्या खाणींच्या तळाशी, रेल्वेच्या रुळांलगत पाणकणसाची जी लहानमोठी बेटे अजून उरली आहेत, त्यांच्या बाजूने साक्ष द्यावयास कोळी, चतुर, बेडूक याच तोलाचे जीव आहेत, आणि ज्याचे नाव दप्तरात नाही त्याची साक्ष कोणत्याही कचेरीत नोंदली जात नाही.

नियम म्हणून मी एवढेच सुचवीन, आणि सुचविण्याचा अधिकार विजेरी धरणाऱ्याला असतो तितकाच मला आहे: जेथे छायाचित्रावर भागते तेथे नळी काढू नये, जेथे एकावर भागते तेथे दुसरा घेऊ नये, आणि घेतलेल्या देहाचा अभ्यास पुरा न करता तो बाटलीत पडू देऊ नये, कारण न वाचलेली चिठ्ठी असलेली बाटली ही दुहेरी हिंसा आहे. माझ्या मित्राने हे ऐकून मान हलवली आणि सांगितले की चांगले अभ्यासक हेच करतात, फक्त ते त्याला धर्म म्हणत नाहीत.

त्या संध्याकाळची एक गोष्ट सांगावयाची राहिली. परतण्याआधी, रस्त्याच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर लांबवर पसरला असताना, आम्हांला तशाच एका पात्यावर तशीच दुसरी एक दिसली. त्याने नळी धरली, ती धाग्यावरून आत उतरली, आणि त्याने बराच वेळ भिंगातून तिच्या पोटाखाली पाहिले. मी विजेरी हलू दिली नाही. "काका, हिची अजून एक कात टाकायची राहिली आहे," तो म्हणाला, "हिचं नाव सांगता येणार नाही." मग त्याने नळी पात्याला टेकवून तिरपी केली. ती बाहेर आली, थोडे अंतर चढली, चार पाय पुढे आणि चार मागे ताणून पात्याची शीर होऊन गेली, आणि दुसऱ्या क्षणी ती कोठे आहे हे मला सांगता आले नसते. त्याने वहीत लिहिले: टेट्राग्नाथा, जाती अनिश्चित, मादी, अप्रौढ, पाणकणीस, पाण्यापासून ४० सेंटीमीटर, सोडली.